कोकचे ‘रिपोर्ट्स’: काही महिने वापरल्यानंतर

इंग्लंडचा वकील आणि न्यायाधीश एडवर्ड कोक याच्यावर (1552–1634) काम करायचं तर चरित्रं बाजूला ठेवून थेट त्याचे ‘रिपोर्ट्स’, म्हणजे त्याने लिहिलेले खटल्यांचे वृत्तांत, उघडावेत, असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला निम्मा बरोबर आहे. कायद्याच्या अभ्यासाला हे साधन अव्वल. माणूस समजून घ्यायला अपुरं, आणि जे मिळतं तेही त्याच्याच बाजूने लिहिलेलं.

वापरायला सोयीची प्रत म्हणजे ‘इंग्लिश रिपोर्ट्स’ या पुनर्मुद्रणाचे खंड 76 आणि 77. पहिल्यात भाग 1 ते 4, दुसऱ्यात 5 ते 13. मूळ फ्रेंच-मिश्रित कायदेभाषेशी झटापट टळते. संदर्भ मात्र जुन्या पानांनुसार दिलेले असतात: आकड्यानंतर ‘ए’ असेल तर पानाची पुढची बाजू, ‘बी’ असेल तर मागची. हे आकडे मजकुरातच कंसात छापलेत. नव्या पृष्ठक्रमांकाने शोधलं की भलताच खटला समोर येतो.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा. उदाहरणार्थ, एका खटल्यावर ‘हिलरी सत्र, जेम्सचं 7वं वर्ष’ असं लिहिलेलं आहे. राजा जेम्स 24 मार्च 1603 ला गादीवर आला. म्हणजे 7वं वर्ष 24 मार्च 1609 ते 23 मार्च 1610. हिलरी सत्र जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणून आपल्या हिशेबाने 1610. पण तेव्हाचं इंग्रजी वर्ष 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे काही ठिकाणी तोच खटला 1609 चा दिसतो. कोकच्या जन्मतारखेचंही तेच: 1 फेब्रुवारी 1552, जुन्या मोजणीने 1551.

हा खटला म्हणजे भाग 8 मधला डॉ. बॉनहॅमचा. परवान्याशिवाय लंडनमध्ये वैद्यकी केली म्हणून कॉलेज ऑफ फिजिशियन्सने त्याला आधी 5 आणि मग 10 पौंड दंड केला, पुढे तुरुंगातही टाकलं. कॉलेजची सनद नीट वाचली तर खरा मुद्दा साधा आहे: कैदेचा अधिकार चुकीच्या उपचारांसाठी, नुसत्या विनापरवाना धंद्यासाठी नाही. विनापरवाना धंद्यासाठी महिना 5 पौंड दंड, निम्मा राजाला, निम्मा कॉलेजला. म्हणजे दंड ठोकणाराच वाटेकरी. संसदेचा कायदाही सामान्य कायद्यापुढे (कॉमन लॉ, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेला कायदा) निष्प्रभ ठरू शकतो, हे गाजलेलं विधान याच टप्प्यावर, पाच कारणांपैकी चौथ्यात येतं. घाईत वाचणारे तेवढंच उचलतात. शिवाय सगळे न्यायाधीश कोकच्या बाजूचे नव्हते. वॉल्म्सली आणि फॉस्टर कॉलेजच्या बाजूने गेले, ते ब्राउनलो या दुसऱ्या वृत्तांतकाराच्या नोंदींत दिसतं. म्हणून महत्त्वाचा खटला दोन वृत्तांतांतून वाचावाच.

भाग 1 ते 11 त्याने स्वतः 1600 ते 1615 मध्ये छापले. 12 आणि 13 मृत्यूनंतर, 1656 आणि 1659 मध्ये आले. या दोघांना बाकीच्यांइतकं वजन देऊ नये. राजाने स्वतः न्यायनिवाडा करू नये, हे कोकने जेम्सला तोंडावर सुनावल्याचा प्रसिद्ध प्रसंग भाग 12 मधला. तिथे कोक ताठ उभा आहे. दुसऱ्या समकालीन वर्णनात मात्र राजा खवळल्यावर तो जमिनीवर हातापायांवर येऊन माफी मागतो. पुढे 1616 मध्ये राजाने रिपोर्ट्समधल्या चुका दुरुस्त करायला सांगितल्या, तेव्हा त्याने फक्त पाच किरकोळ चुका मान्य केल्या. हा खरा कोक!

जे इथे नाहीच, त्याचीही मोठी यादी होईल. 1603 चा वॉल्टर रॅलेचा खटला, ज्यात अ‍ॅटर्नी जनरल कोकने एकमेव महत्त्वाचा साक्षीदार कॉबहॅम समोर न आणता शिवराळ भाषेत आरोप लढवला, तो ‘स्टेट ट्रायल्स’ या खटल्यांच्या संग्रहात पाहावा. 1621 नंतरचा संसदेतला कोक, टॉवर ऑफ लंडनमधली कैद, संसदेत येऊ नये म्हणून बकिंगहॅमशायरची लादलेली शेरीफगिरी, 1628 चं पिटिशन ऑफ राइट (राजाच्या अधिकारांना आळा घालणारी संसदेची मागणी): यासाठी सदस्यांच्या रोजनिशा लागतात, आणि एकाच भाषणाचे शब्द दर रोजनिशीत वेगळे.

भारतातल्या वाचकांनी भाग 7 मधला कॅल्विनचा खटला (1608) चुकवू नये. ख्रिस्ती राजाने ‘काफरांचं’ राज्य जिंकलं की तिथला कायदा आपोआप रद्द, असं कोक तिथे बिनदिक्कत लिहून जातो. 1774 मध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डने कॅम्पबेल वि. हॉल या खटल्यात ते निरर्थक ठरवलं. ख्रिस्ती नसलेल्याची साक्ष चालत नाही, हे लिटलटनच्या जमीन-कायद्याच्या ग्रंथावरच्या भाष्यातलं कोकचं मत त्याआधीच, ओमिचंद वि. बार्कर या खटल्यात, हिंदू साक्षीदारांच्या शपथेवरून बाजूला सारलं गेलं होतं.