अ‍ॅम्बरलिस्ट-15: बरेच महिने वापरल्यावर काय वाटतं

एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल मिळून होणारी संयुगं) करायला कॅटॅलिस्ट, म्हणजे रिअॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ, म्हणून आधी कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक अ‍ॅसिडच वापरायचो, या वर्षी अ‍ॅम्बरलिस्ट-15 या घन आम्ल रेझिनवर आलो आणि परत जायची इच्छा नाही. दिसायला राजगिऱ्याएवढे काळपट करडे मणी, पॉलिस्टायरीनच्या सांगाड्याला सल्फोनिक अ‍ॅसिड चिकटवलेलं, ग्रॅमला साधारण 4.7 मिलीमोल आम्लता. खरा फायदा वर्कअपला, म्हणजे शेवटी एस्टर वेगळं काढून साफ करताना, कळतो. आयसोअमाईल अ‍ॅसिटेट (तोच तो केळ्याचा वास, लॅबभर) झालं की कॅटॅलिस्ट काढायला नुसतं गाळायचं, त्याचं आम्ल मारायला बायकार्बचा फेस नाही, सेपरेटिंग फनेलमधलं इमल्शन फुटायची वाट बघत बसणं नाही.

आता त्रास. मॅग्नेटिक बार मण्यांना तळाशी अक्षरशः दळतो, मग बारीक भुकटी फिल्टर पेपरमध्ये अडकते आणि पुढच्या वेळी मणी कमी भरतात, लोक म्हणतात कॅटॅलिस्ट मेला, अहो मेला नाही, सांडला! वरून दांडीने ढवळणारा ओव्हरहेड स्टिरर लावा. तापमान 120 अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका, सल्फोनिक गट सुटायला लागतात, त्यामुळे डीन-स्टार्कला (उकळत्या द्रावकाबरोबर पाणी बाहेर काढणारं उपकरण) टोल्युईन चालतं पण जास्त तापमानाला उकळणारं झायलीन नको. पाणी मात्र काढायलाच हवं, ते अ‍ॅसिड साइट्सवर जाऊन बसतं आणि रिअ‍ॅक्शन रेंगाळते. धुताना नळाचं पाणी अजिबात नको, त्यातलं कॅल्शियम-सोडियम प्रोटॉनची जागा घेतं. मी मेथॅनॉलने धुतो, पहिल्यांदा तपकिरी रंग उतरतो तो साफ होईपर्यंत, मग ओव्हनमध्ये सुकवतो. जोर कमी वाटला तर मिठाच्या पाण्यात ढवळून कॉस्टिकने टायट्रेशन करून आम्लता मोजायची, आकडा पडलेला दिसला की पातळ हायड्रोक्लोरिकने रिजनरेट. पण डांबरासारखं काही भोकांत बसलं असेल तर त्याने फरक पडत नाही.

आणि ते रिसर्च पेपरमधले 'पाच वेळा वापरला, यील्ड (हाती आलेला माल) तेवढंच' वाले बार चार्ट! रात्रभर रिफ्लक्स केलं, म्हणजे उकळत ठेवलं, तर अर्धमेला कॅटॅलिस्टसुद्धा शेवटी इक्विलिब्रियमला, म्हणजे रिअॅक्शन जिथे थबकते तिथे, पोचवतोच की, त्यात काय सिद्ध झालं? अर्ध्या तासाला सँपल काढून कन्व्हर्जन (किती कच्चा माल बदलला ते) बघा, पहिल्या आणि चौथ्या वापरातला फरक तिथे दिसतो. माझ्याकडे वेग थोडा उतरलाय, पण चालतोय. शिवाय गरम असतानाच गाळून फिल्ट्रेट (गाळून आलेलं द्रावण) पुढे तापवून बघा, तिथेही रिअ‍ॅक्शन चालू राहिली तर अ‍ॅसिड सुटून द्रावणात आलंय.

अमीनवाल्या रिअ‍ॅक्शनला मात्र घेऊ नका, अमीन सरळ मण्यांवर मीठ करून बसतं.