कंपवात: गोळ्यांवर राहायचं की मेंदूत यंत्र बसवायचं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत कंपवाताचा माणूस सहा-सात वर्षं गोळ्यांवर असला की कुणीतरी पाहुणा ऑपरेशनचा विषय काढतोच. "बेंगळुरूला मेंदूत तार घालतात, हात थरथरायचा थांबतो." हे खरं आहे, पण अर्धंच. ठरवायची वेळ आलेल्यांसाठी दोन्ही बाजू मांडतो. माझा कल आधीच सांगतो: गोळ्यांचं वेळापत्रक नीट बसवल्याशिवाय ऑपरेशनची बोलणी नकोत.

मूळ बिघाड मध्यमेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळसर, चिमुकल्या भागात असतो. तिथल्या पेशी डोपामिन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, तयार करतात. कंपवातात त्यांच्यात अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या साठतात आणि पेशी मरत जातात. हात थरथरायला, पाय घासायला लागेपर्यंत निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. डोपामिन आटलं की हालचालींवर लगाम ठेवणारा सबथॅलॅमिक न्यूक्लियस वाजवीपेक्षा जास्त काम करतो आणि खुर्चीतून उठणंही जड होतं.

लेव्होडोपाची गोळी मेंदूत जाऊन डोपामिन बनते. यंत्र डोपामिन देत नाही. ते बहुतेक वेळा त्याच सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये तारेतून विजेचे बारीक ठोके देऊन बिघडलेली लय मोडतं. पेशींचं मरणं मात्र दोन्हींपैकी कशानंच थांबत नाही.

गोळीचं दुखणं सुरुवातीला कळत नाही. उरलेल्या पेशी औषध साठवून पुरवून वापरतात, म्हणून दिवसातून तीनदा घेतलं तरी भागतं. पेशी कमी झाल्या की साठवण संपते. लेव्होडोपा रक्तात दीड तासात निम्मं होतं, त्यामुळं माणूस गोळी चढली की चालतो, उतरली की जागच्या जागी खिळतो. पुढं गोळी चढलेली असताना अंग नको तसं वळवळायला लागतं. घरचे याच टप्प्यावर घाबरून ऑपरेशनचं विचारतात.

पण आधी ताटाकडं बघा. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दारानं जातात, आणि गर्दीत गोळी मागं राहते. दुधाच्या पेल्याबरोबर, हुलग्याच्या माडग्यावर, रविवारच्या मटणानंतर घेतलेली गोळी म्हणूनच "लागू पडत नाही". ती जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं घ्यावी. बद्धकोष्ठ असेल तर त्यावर वेगळा उपचार करून घ्या. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं, पण पुडीतलं प्रमाण कुणी मोजलेलं नसतं. चालू गोळ्यांवर ती पूड घेतली तर मात्रा किती झाली ते कुणालाच कळत नाही.

आता यंत्र. त्याचा नियम सोपा आहे आणि तोच बहुतेक लोक विसरतात: गोळी चढलेल्या चांगल्या तासात जे सुधारतं, तेच यंत्र जास्त वेळ टिकवतं. थरथर हा एक अपवाद. ती गोळीला दाद देत नसली तरी यंत्रानं कमी होऊ शकते. बोबडं बोलणं, गिळताना ठसका, तोल जाणं, विसराळूपणा यांवर गोळी चालत नसेल तर यंत्रही चालणार नाही. म्हणूनच निवडीआधी रात्रभर गोळ्या बंद ठेवून तपासतात, मग गोळी देऊन पुन्हा तपासतात. वडगावचा साठीचा विणकर सकाळी खिळलेला असेल, गोळीनंतर मागावर बसत असेल आणि त्याची स्मृती धड असेल, तर यंत्र त्याच्यासाठी आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, रात्री भास होणाऱ्या आजींसाठी मी ते सुचवणार नाही.

शिवाय कंपवातासारखं दिसणारं सगळं कंपवात नसतं. आजाराच्या पहिल्या वर्षातच माणूस तोल जाऊन पाठीवर पडू लागला, खाली बघायला जमेना, तर दुसराच आजार असू शकतो आणि त्यात यंत्राचा उपयोग नाही. चक्करसाठी महिनोन्महिने घेतलेल्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन यांनीही हात थरथरतात, अंग ताठरतं. असं असेल तर ती औषधं डॉक्टरांकडून बंद करून घ्या. सुधारणा व्हायला काही महिने लागतात.

यंत्राचा खर्च काही लाखांत जातो, मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका कमी असला तरी असतो, गळ्याच्या हाडाखाली बसवलेली साधी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. आपल्याकडं मात्र खरी अडचण प्रवासाची. ठोक्यांची ताकद जुळवायला पहिल्या काही महिन्यांत वारंवार जावं लागतं, आणि बेळगावहून बेंगळुरू ५०० किलोमीटर. निमहान्ससारखी मोठी संस्था तिथं आहे, पण राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्र काढून पोचलेला खिळलेला माणूस तपासणीत भलताच दिसतो. म्हणून बेळगावातच ते यंत्र जुळवणारं कुणी आहे का, हे ऑपरेशनआधी विचारा.

पैशाचंही आधीच बघा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपली जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू करायचं ठरवलं, तर कर्नाटकाचं कार्ड वेगळं. हे ऑपरेशन कशात बसतं ते रुग्णालयाकडून लेखी घ्या. शेजाऱ्याच्या सांगण्यावर शेत विकू नका.

आणि ऑपरेशन झालं तरी गोळ्या सुटत नाहीत, फक्त बऱ्याचदा कमी होतात. "आता यंत्र आहे" म्हणून कुणी त्या एकदम बंद केल्या, तर ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं.