रोपवाटिका की शहरातली झाडं: पहिलं वर्ष कुठं घालवावं?

कृषीची किंवा उद्यानविद्येची पदवी जवळ आली आहे, कृषिदूत म्हणून गावात राहून झालं आहे, आणि आता सहा महिने ते वर्षभर कुठंतरी हात काळे करायचे आहेत. मराठवाड्यात अशा मुलामुलींसमोर बहुधा दोन वाटा असतात. एक फळरोपवाटिकेची. दुसरी शहरातल्या झाडांची, म्हणजे पालिकेचा उद्यान विभाग, त्याची कामं घेणारे गुत्तेदार, घनवन, म्हणजे दाटीनं लावलेलं छोटं जंगल, उभारणाऱ्या संस्था आणि वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांचे हरितपट्टे. मी रोपवाटिका निवडली, त्यामुळं माझं झुकतं माप कुठं आहे हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

रोपवाटिकेत शिकण्यासारखं पहिलं काम आंब्याचं कोय कलम, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर चांगल्या झाडाची काडी जोडणं. वाचून सोपं वाटतं, पण हातात बसायला एक पूर्ण पावसाळा जातो. कोय ताजी हवी. फळातून निघाल्यावर महिनाभरात तिची उगवण झपाट्यानं घटते, म्हणून जून-जुलैतच गादीवाफे भरून ठेवावे लागतात. पाण्यात टाकून तरंगणाऱ्या कोया बाजूला काढायच्या. रोप दहा ते पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस आणि खोड कोवळं असताना ते कोयीसकट उचलायचं, कोयीपासून ६ ते ८ सेंटिमीटरवर आडवं कापायचं आणि मधोमध ४ सेंटिमीटरची चीर द्यायची. काडी तीन-चार महिने वयाची, १० ते १५ सेंटिमीटर लांब आणि खुंटाच्या, म्हणजे खालच्या कापलेल्या रोपाच्याच जाडीची हवी. तिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटलेली असली तर टोकाचा डोळा फुगून तयार असतो. काडीला दोन्ही बाजूंनी चिरेएवढाच पाचरीसारखा काप घ्यायचा, बसवायची, २ सेंटिमीटर रुंदीच्या प्लॅस्टिक पट्टीनं खालून वर घट्ट बांधायचं आणि पिशवीत लावायचं.

फसतं कुठं? नवशिक्याची पाचर बहुतेक वेळा एका ओढीत होत नाही. तीनदा तासली की काप उंचसखल होतो, मध्ये हवा राहते आणि सालीखालचा हिरवा थर जुळत नाही. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मध्यभागी न बसवता एका कडेला साल जुळवून बसवावी लागते, आणि हेच विसरलं जातं. पुढची अडचण आपल्या भागाची आहे. कोकणात जुलै-ऑगस्टची हवा दमट असते, तिथं कलम उघडं ठेवलं तरी तगतं. आपल्याकडं ऑगस्टात पावसाचा खंड पडतो, दुपारी कोरडा वारा सुटतो आणि बांधलेली काडी चार दिवसांत सुकते. म्हणून काडीवर अरुंद पिशवीची टोपी चढवायची, ५० टक्के सावलीच्या जाळीखाली ठेवायचं आणि खंडात दिवसातून दोनदा फवाऱ्यानं हवा ओली राखायची. नवी फूट दिसताच टोपी काढली नाही तर आत कोवळं पान सडतं.

पंधरा ते वीस दिवसांत निकाल समोर येतो. शंभर बांधली, किती फुटली? पहिल्या शंभरात निम्मी गेली तरी मला त्यात वावगं वाटत नाही. तिसऱ्या-चौथ्या शंभरापर्यंत आकडा चढतो, आणि तो का चढला हे तुम्हाला सांगता येतं. प्रत्येक शेकड्याला वहीत तारीख, काडी ज्या झाडावरून घेतली ते मातृझाड, पाऊस होता की खंड, आणि किती जगली एवढं लिहून ठेवा. पुढं कुणी अनुभव विचारला तर प्रमाणपत्राआधी ती वही दाखवावी.

हिवाळ्यात मोसंबीचं काम येतं. रंगपूर लिंबू किंवा जंबेरीचा खुंट पेन्सिलीएवढा झाला की डोळा भरायचा, म्हणजे मोसंबीचा एक डोळा त्याच्या सालीखाली बसवायचा, आणि तो जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटर उंचीवर. उंचीचा हा आग्रह कशासाठी, हे जालन्याच्या काळ्या जमिनीत मोकाट पाणी दिलेली बाग पाहिली की कळतं. डोळा खाली भरला, किंवा शेतकऱ्यानं लावताना जोड मातीत गाडला, तर काही वर्षांत फायटोप्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू बुंध्याशी शिरतो आणि डिंक वाहू लागतो. रोपवाटिकेतल्या दोन बोटांच्या चुकीपायी कुणाचं तरी दहा वर्षांचं झाड जातं. ही जबाबदारी पहिल्याच वर्षी अंगाला लागणं मला फार मोलाचं वाटतं.

मागणीची काळजी करू नका. मराठवाड्याचा केसर आंबा, जालन्याची मोसंबी आणि बीडचं सीताफळ या तिघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळं खात्रीच्या मातृझाडाचं कलम मागणारे शेतकरी भेटतात. शिकायला मराठवाडा कृषी विद्यापीठाचीच ठिकाणं आहेत: परभणीचं उद्यानविद्या महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरात हिमायतबागेतलं फळ संशोधन केंद्र, अंबाजोगाईचं सीताफळ संशोधन केंद्र. खाजगी रोपवाटिकेत जाणार असाल तर तिच्याकडं परवाना आहे का ते आधी पाहा. फळरोपवाटिकांसाठी राज्यात १९६९ पासून कायदा आहे. दुसरं, मातृझाडं दाखवायला सांगा. केसरच्या काड्या कुठून येतात याचं उत्तर जिथं गोलमाल मिळेल, तिथं हात चांगला बसेल, पण सवय वाईट लागेल.

आता शहरातलं काम. त्याला कमी लेखायचं नाही, कारण काही गोष्टी फक्त तिथंच शिकता येतात. वृक्षगणना त्यातली पहिली. नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या १९७५ च्या कायद्यानुसार शहरांना ठरावीक काळानं गणना करावी लागते. त्या कामावर दोन महिने फिरलात तर करंज आणि पळस यांच्या पलीकडं शंभरेक जाती नजरेत बसतात, पान नसतानाही सालीवरून ओळखता येतात. घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजायचा. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूनं, आणि त्या उंचीखाली फाटा फुटला असेल तर प्रत्येक खोड वेगळं. या नोंदीला २०२१ च्या दुरुस्तीनंतर वजन आलं आहे. पन्नास वर्षांवरच्या झाडांना त्यात वेगळं संरक्षण आहे, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावावी लागतात. म्हणजे वयाचा अंदाज बांधू शकणारा माणूस लागतोच.

छाटणीही तिथंच शिकावी. जाड फांदी एका घावात कापली की ती स्वतःच्या वजनानं सालीची पट्टी बुंध्यापर्यंत सोलत नेते. त्यासाठी तीन काप. पहिला बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून, जाडीच्या तिसऱ्या भागाएवढा. दुसरा त्याच्या थोडं बाहेरून वरनं, म्हणजे फांदी मोकळी पडते. तिसरा काप फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून. कडं कापलं तर जखम भरत नाही, खुंटा लांब ठेवला तर तो कुजून आत वाळवीला वाट देतो. तारांखाली पावसाळ्याआधी घाईनं उरकलेल्या छाटणीत या दोन्ही चुका जागोजागी दिसतात, म्हणून हे नीट येणाऱ्या मुलांची शहरांना गरज आहे.

पैशांच्या बाबतीत सुरुवातीला शहर बरं पडतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं आणि पालिकांमध्येही उमेदवार घेतले गेले. रोपवाटिकेत बहुतेक ठिकाणी आधी फार थोडं मिळतं, हात बसल्यावर नगावर.

माझं पारडं ज्या एका गोष्टीनं फिरलं, ती टँकर.

जुलैत खड्डे, लागवड, फोटो हे सगळं उत्साहात होतं. खरं काम फेब्रुवारी ते जून. हिशोब करून पाहा. समजा दोन हजार रोपं आहेत, रोपाला एका वेळी २० लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये कागदावर पाचशे रोपं भिजतात. प्रत्यक्षात पाइप ओढताना सांडतं, आळं फुटलेलं असतं, उतारावर पाणी थांबत नाही. साडेतीनशेच्या पुढं क्वचित जातं. एका रोपाला अर्धा मिनिट धरलं तरी टँकर रिकामा व्हायला तीन तास लागतात, भरणं आणि येणं-जाणं वेगळं. दिवसात दोन फेऱ्या, सातशे रोपं. पूर्ण चक्राला तीन दिवस. मे महिन्यात लहान रोप चार-पाच दिवसांपेक्षा जास्त तग धरत नाही, म्हणजे हातात एक-दोन दिवसांचीच सवड. चालक दोन दिवस आला नाही, डिझेलचं बिल अडलं, की चक्र तुटतं आणि कडेची रांग वाळते. रांग कुठली वाळली याला ना झाडाची जात कारण असते ना तुमचं कौशल्य. टँकर ज्या टोकापासून सुरू होतो त्याच्या विरुद्ध टोकाची रांग वाळते.

यात दोष कुणाचा असं म्हणता येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात माणसांआधी झाडांना टँकर मिळावा असं कुणी म्हणणार नाही. पण शिकाऊ मुलाचे चार महिने चालकाच्या शेजारी बसण्यात आणि फोन करण्यात जातात. आणि लागवडीत चूक झाली होती का, खड्डा मुरमात पुरेसा रुंद फोडला होता का, आळं बुंध्याला चिकटून केलं होतं का, हे पाण्याच्या ओढीत कधीच वेगळं करून दिसत नाही. रोप मेलं एवढंच कळतं.

आणखी एक गोष्ट रोपवाटिकेच्या बाजूनं जाते. भर रस्त्यात सहा-सात वर्षांचं झाड वळवाच्या वाऱ्यात मुळासकट आडवं होतं, तेव्हा उपटलेला गड्डा बघा. पुष्कळदा मुळं पिशवीच्या आकारात गोल गुंडाळलेली सापडतात. रोप लहान पिशवीत दोन-तीन वर्षं अडकून राहिलं, लावताना ती गुंडाळी कुणी कापली नाही, आणि मुळं बाहेर पसरलीच नाहीत. पिशव्या वेळेवर बदलण्याचं आणि तळाची मुळं छाटण्याचं काम ज्यानं वर्षभर केलं आहे, तो पुढं शहरात गेला तर रोपांची गाडी उतरवून घेतानाच शंभरातली वीस परत पाठवू शकतो. शहरात सुरुवात केलेल्याला ही नजर यायला बराच वेळ लागतो, असं मी पाहिलं आहे.

तरी काहींनी सरळ शहरातच जावं. ज्यांना झाडांच्या सर्वेक्षणात, नकाशांत, कायद्याच्या बाजूत रस आहे, किंवा ज्यांना पहिल्या महिन्यापासून घरी पैसे द्यायचे आहेत, त्यांनी. जाताना तीन गोष्टी विचारून घ्या. टँकर कुठून भरतो? सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी झाडांसाठी ठरलेलं असेल तर उन्हाळा बराच सुसह्य होतो. देखभालीचा करार किती वर्षांचा आहे? एका हंगामाचा असेल तर तुम्ही लावलेलं झाड पुढच्या गुत्तेदाराच्या ताब्यात जाईल. आणि तुमचं काम लागवडीवर आहे की गणना-छाटणीवर? दुसरं मिळत असेल तर माझा आक्षेप अर्ध्याहून कमी होतो.

रोपवाटिका धरणार असाल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हा. कोया तेव्हाच येतात, आणि ऑक्टोबरात गेलात तर कोय कलमाचा अख्खा हंगाम हुकतो. फेब्रुवारीपर्यंत मोसंबीचे डोळे भरून होतात. तिथून पुढं मार्च-एप्रिलचे दोन महिने वृक्षगणनेच्या कामावर मिळवता आले तर दोन्हीकडचं थोडं थोडं पदरात पडतं. स्वतःची रोपवाटिका मनात असेल तर कृषी चिकित्सालय (ॲग्री-क्लिनिक) योजनेचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण त्यानंतर घ्या. कर्जावरचं अनुदान सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के आहे. प्रकल्प अहवालात कलमांच्या जगण्याचं प्रमाण लिहावं लागतं, आणि तो आकडा तुमच्या वहीतून यायला हवा.