चिलखत बनवायला शिकणं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

चिलखत बनवायचं कुठे शिकावं, असा प्रश्न ज्यांना पडला आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. व्हिडिओ, संग्रहालयांचे फोटो, तयार कापलेल्या पत्र्यांचे संच, एक छोटी कार्यशाळा आणि गाड्यांचं डेंटिंग करणाऱ्या कारागिराच्या हाताखालचं काम, असे सगळे मार्ग गेल्या काही महिन्यांत वापरून झाले. आता माझं मत पक्कं आहे. चिलखताची जाण आणि पत्रा ठोकण्याचा हात या दोन वेगळ्या विद्या आहेत आणि नवशिक्याने त्या दोन वेगळ्या ठिकाणी शिकाव्यात. दोन्ही एकाच जागी देणारा गुरू शोधत बसलं, तर हातोडा हातात यायच्या आधीच उमेद संपते.

सुरुवात कड्यांच्या चिलखतापासून करा. त्याला भट्टी लागत नाही, आवाज होत नाही, खोलीत बसून जमतं. दोन पकडी, सळई आणि तार एवढ्यावर काम सुरू होतं. 1.6 मिमी जाडीची तार आणि आतून 8 मिमी व्यासाची कडी हे प्रमाण शिकायला उत्तम. वीण घट्ट बसते आणि कडी वळवताना मनगट भरून येत नाही. तार सळईवर गुंडाळून सोडली की वेटोळं थोडं सैल पडतं, म्हणून सळई हव्या त्या मापापेक्षा किंचित बारीक घ्यावी. कडी उघडताना तोंडं लांब ओढायची नाहीत, एक पुढे आणि एक मागे अशी वळवायची, म्हणजे मिटल्यावर गोलाई टिकते. प्रत्येक कडीत चार कड्या ही नेहमीची वीण व्हिडिओ बघून एका संध्याकाळी कळते. पण हे विणकाम एका दिशेला ताणतं आणि दुसऱ्या दिशेला फारसं ताणत नाही, ही गोष्ट बहुतेक व्हिडिओ सांगत नाहीत. अंगरख्यात ताण आडवा आला पाहिजे, तरच अंगात चढवता येतो. इतिहासातल्या कड्या बहुतांशी रिव्हेट, म्हणजे आरपार घालून टोक ठोकून पसरवलेला छोटा खिळा, लावून बंद केलेल्या असत. नुसती तोंडाला तोंड लावलेली कडी जोराच्या घावाने उघडते. तेव्हा असा अंगरखा शिकायला आणि मिरवायला चांगला, पण त्याच्या भरवशावर झुंजायला उतरू नये.

व्हिडिओंबद्दल माझं मत थोडं कडक आहे. हत्यार कसं धरायचं, कामाचा क्रम काय, हे त्यांतून छान कळतं. पण पत्रा कधी कडक झाला आणि कधी थांबायचं हे बघून कळत नाही. ते मला डेंटिंगच्या कामात उमगलं. त्या कारागिराने आयुष्यात चिलखत पाहिलेलं नव्हतं, तरी माझं निम्म्याहून जास्त शिक्षण त्याच्याकडे झालं. लाकडी ओंडक्यात उथळ खळगा कोरायचा, त्यावर पत्रा धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोड्याने घाव एकमेकांवर थोडे चढतील असे गोलाकार घेत जायचे. पत्र्याच्या कडेला सुरकुत्या उठतात. त्या उठल्या उठल्या बसवायच्या. एकदा घडी पडली की तिथेच पत्रा चिरतो. मग गोल माथ्याच्या ऐरणीवर उलटा ठेवून गुळगुळीत हातोड्याने हलके हलके मठारायचा, म्हणजे खड्डे-उंचवटे काढून एकसारखा करायचा. इथे तो म्हणायचा, "डोळे सोड, कानाने ऐक." पत्रा ऐरणीला टेकलेला असेल त्या जागी घाव खणखणीत वाजतो, पोकळी असेल तिथे आवाज बसका येतो. हे एकदा कानाला पटलं आणि त्यानंतर मी घडवत असलेल्या, कोपर झाकणाऱ्या वाटीवरचे खड्डे झपाट्याने कमी झाले. भांडी हाताने घडवणारा, पत्र्याचे डबे-नळ्या बनवणारा, कुणीही चालेल. जो रोज पत्रा ठोकतो, त्याच्याजवळ जाऊन उभं राहा.

ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. तो पुन्हा नरम करायला लालभडक तापवून सावकाश निवू द्यावा लागतो. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा तार कधीही तापवू नका. तो धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. सुरुवातीला साधा, मुलामा नसलेला सौम्य पोलादाचा (माइल्ड स्टीलचा) पत्रा घ्या. हातापायांच्या भागांना 1.2 मिमी पुरतो. शिरस्त्राणाला जाड हवा. 1966 साली अमेरिकेत सुरू झालेल्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम या, मध्ययुगीन जीवन हौसेने पुन्हा उभं करणाऱ्या संस्थेच्या लढतींत शिरस्त्राणासाठी 16 गेज, म्हणजे सुमारे 1.6 मिमी पोलाद ही किमान अट आहे. कानाला संरक्षण पहिल्या दिवसापासून लावा. पोलादावर पोलाद आपटण्याचा आवाज कानांची कायमची हानी करतो.

चिलखताची जाण मात्र संग्रहालयांनी दिली, तीही घरबसल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 पासून लाखो फोटो कुणालाही मोफत वापरायला खुले केले आहेत आणि त्यांत चिलखतं भरपूर आहेत. इंग्लंडमधल्या लीड्सचं रॉयल आर्मरीज हे शस्त्रसंग्रहालय आणि लंडनचं वॉलेस कलेक्शन यांचे संग्रहही पाहण्यासारखे. समोरून काढलेला चकचकीत फोटो शिकणाऱ्याच्या फारसा कामाचा नाही. आतल्या बाजूचा, पाठीमागचा, उघडून ठेवलेल्या तुकड्याचा फोटो शोधा. आत हातोड्याचे वळ तसेच राहिलेले असतात, चामड्याच्या पट्ट्या कुठे खिळवल्या ते दिसतं, सरकणाऱ्या रिव्हेटची लांबट खाच दिसते. गुडघा झाकणाऱ्या वाटीच्या वर-खालच्या पट्ट्या एकमेकींवर कशा सरकतात, हे मला अशाच एका आतल्या फोटोवरून कळलं.

ते कळल्यावर पुठ्ठ्यावर करून पाहिलं आणि सगळ्यांना माझा हाच आग्रह आहे. पत्र्याला कात्री लावायच्या आधी पूर्ण तुकडा जाड पुठ्ठ्यात कापा, रिव्हेटच्या जागी कागद जोडायच्या दोन पायांच्या पिना घाला, अंगावर बांधा आणि उकिडवे बसा. पिनेची जागा चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी गुडघा अडकतो. पुठ्ठ्यात ते भोक बदलायला क्षण लागतो, पत्र्यात नवा तुकडा लागतो. मापं नेहमी चिलखताच्या आत घालायच्या जाड, टाके घातलेल्या अंगरख्यावरून घ्या. उघड्या अंगावरून घेतलेलं माप हमखास तंग होतं. हातात पत्रा नसेल त्या दिवसांत फोमवर सराव करायला हरकत नाही. आकार समजतो, धातू समजत नाही.

तयार संच आणि कार्यशाळा यांचं मला फारसं कौतुक नाही. ज्या कार्यशाळेला मी गेले तिथे तुकडे आधीच कापलेले, भोकं पाडलेली, वाकवलेलीसुद्धा होती. आम्ही फक्त रिव्हेट ठोकले. घरी नेण्याजोगी वस्तू मिळाली, पण ती पुन्हा घडवायची विद्या मिळाली नाही. पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा: कोऱ्या पत्र्यापासून सुरुवात आहे का?

पहिलं मोठं काम म्हणून मी कापडाच्या किंवा चामड्याच्या आत पट्ट्या रिव्हेट केलेलं छातीचं चिलखत सुचवेन. 1361 साली आताच्या स्वीडनमधल्या गोटलंड बेटावर विस्बी शहराच्या वेशीजवळ लढाई झाली. तिथल्या सामूहिक कबरींत अशी चिलखतं माणसांच्या अंगावरच सापडली. त्यामुळे कोणती पट्टी कुठे होती हे अभ्यासकांना मांडता आलं. शिकणाऱ्याला हा खजिना आहे. पट्ट्या बहुतेक सपाट किंवा जराशा वाकलेल्या, खोल ठोकाई जवळपास नाही, आणि एखादी पट्टी बिघडली तर तेवढीच बदलता येते. कापणं, कड कानशीने घासून बोथट करणं, भोकं जुळवणं, रिव्हेट एकसारखा बसवणं, हे सगळं त्यात पुन्हा पुन्हा करावं लागतं. माझं असं चिलखत अंगावर नीट बसतं, हात वर केले तरी गळ्याला टोचत नाही, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

आता शिरस्त्राण हाती घेतलं आहे. खळग्यात ठोकलेला पत्रा ताणला जाऊन मध्यभागी पातळ होतो आणि डोक्याच्या माथ्यावर तेच परवडत नाही. म्हणून ऐरणीवर बाहेरून घाव घालत पत्रा आवळत नेण्याची रीत शिकते आहे. एकेका फेरीला तापवणं, निववणं, पुन्हा ठोकणं, असं ते चालतं. वेळ खूप जातो, पण माथ्याची जाडी टिकते. ज्यांनी दोन अर्धे वेल्ड करून टोप केला आहे त्यांनी जोड आतून कसा घासला आणि मठारला ते जरूर सांगावं, फोटो आतल्या बाजूचा असेल तर फारच उत्तम.