यंत्रमागावरच्या मुलाखती कुठल्या कसोटीवर घासायच्या? लिंकन-गुबा, कोरेक आणि क्यू-३

सोलापुरात एम.टेक. किंवा पीएचडीला यंत्रमागाच्या डिझाइनवर काम घेतलं, की आवाजाचे डेसिबल, धाग्याचा ताण, कंपनं या प्रकरणांवर फारशी हरकत येत नाही. माग चालवणाऱ्यांच्या मुलाखतींतून डिझाइनच्या गरजा काढल्या, की मात्र विचारणा होते: पंधरा जणांशी गप्पा मारल्या, याला संशोधन म्हणायचं कसं? प्रश्न खोचक आहे, पण रास्तही आहे. त्याला उत्तर देणाऱ्या, म्हणजे मुलाखतींसारख्या गुणात्मक (आकड्यांऐवजी बोलण्यावर उभ्या) संशोधनाचा दर्जा तपासणाऱ्या कसोट्या तयार आहेत; लिंकन-गुबा, कोरेक आणि क्यू-३ या त्यांतल्या तीन. त्यांतली कुठली धरायची, हे पहिली मुलाखत घेण्याआधी ठरवलेलं बरं.

तुलनेसाठी एकच प्रसंग धरू. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. मागाच्या खडखडाटात तुम्ही कामगाराला विचारता, तुटलेला धागा वाकून जोडताना कमरेला त्रास होतो का? मालक दोन हातांच्या अंतरावर उभे. "नाही ओ, सवय झालीय." वाक्य रेकॉर्ड होतं, कागदावर उतरतं आणि त्याला कोड, म्हणजे अर्थाचं छोटं लेबल, लागतो: 'वाकण्याची अडचण नाही'. पुढे डिझाइनच्या गरजांच्या यादीतून कंबर गायब.

लिंकन आणि गुबा यांची चौकट 1985 सालची. क्रेडिबिलिटी (विश्वासार्हता), ट्रान्स्फरेबिलिटी (दुसरीकडे लागू पडणं), डिपेंडेबिलिटी (प्रक्रियेतलं सातत्य) आणि कन्फर्मेबिलिटी (पुराव्यावरून पडताळता येणं) ही तिची चार नावं बहुतेक परीक्षकांच्या कानावरून गेलेली असतात, हा मोठा फायदा. आपल्या प्रसंगात ती सांगेल: कारखान्यात पुरेसे दिवस काढा, एकाच गोष्टीचा पुरावा दोन-तीन वाटांनी मिळवा, निष्कर्ष कामगारांना परत दाखवा. हे पाळलं तर मालकासमोरचं उत्तर आणि चहाच्या टपरीवरचं उत्तर यांतला फरक कळेल. अडचण अशी की ही चौकट फार मोकळी आहे. चारही नावांखाली एकेक परिच्छेद लिहून प्रकरण उरकता येतं. तसे प्रबंध वाचायला मिळतात, आणि त्या परिच्छेदांवरून प्रत्यक्षात काय केलं याचा पत्ता लागत नाही.

कोरेक ही 2007 सालची, आरोग्य संशोधनातून आलेली 32 मुद्द्यांची यादी. मुलाखती आणि गटचर्चांसाठीच केलेली. मुलाखत कोणी घेतली, कामगाराशी आधीची ओळख होती का, त्या वेळी आणखी कोण हजर होतं, किती वेळ चालली, कोडिंग किती जणांनी केलं, असे थेट प्रश्न. मालकाची हजेरी 15व्या मुद्द्यात पकडली जाते. पण लिहायला लावण्यापलीकडे यादी काही करत नाही. 'मालक उपस्थित होते' असं प्रामाणिकपणे लिहिलंत की मुद्दा पूर्ण. उत्तर मात्र दबावाखालचंच राहिलं. घडीच्या टेबलावर चादर तपासताना तुटका ताणा दिसतो, विणला जात नाही, तसंच हे.

क्यू-३ ही वॉल्थर, सोचाका आणि केलम यांनी 2013 मध्ये मांडलेली चौकट. ती अभियांत्रिकी शिक्षणाच्या संशोधनासाठी आहे, डिझाइनसाठी नाही, हे आधीच सांगतो. तरी माझं मत हिच्या बाजूनं आहे. उत्पादनातला गुणवत्ता व्यवस्थापनाचा विचार तिच्या मुळाशी आहे, त्यामुळे मेकॅनिकल-प्रॉडक्शनवाल्यांना ती परकी वाटत नाही. माहिती तयार होतानाची गुणवत्ता आणि माहिती हाताळतानाची गुणवत्ता असे दोन टप्पे ती वेगळे काढते आणि दोन्हीकडे तेच प्रश्न विचारते: जे समजून घ्यायचंय ते नीट पकडलं जातंय का, पद्धतीमुळे काही बिघडतंय का, बोलणाऱ्याचा अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत तसाच पोचतोय का, आणि निष्कर्ष प्रत्यक्षात टिकतो का. शिवाय प्रक्रिया प्रत्येक वेळी सारखी राहतेय का, हेही. मालकाच्या हजेरीचा प्रश्न इथे पहिल्याच टप्प्यात उभा राहतो, म्हणजे मुलाखतीची जागा बदलायला वेळ असतो.

अर्थ पोचण्याचा प्रश्न सोलापुरात अधिक टोकदार आहे. पूर्व भागातल्या अनेक विणकर घरांत तेलुगू बोलली जाते, प्रबंध इंग्रजीत जातो, मध्ये मराठी असते. दुभाष्या म्हणून कारखान्यातला जॉबरच (माग जुळवणारा-दुरुस्त करणारा) घेतला, तर तो मागाच्या बिघाडाबद्दल स्वतःचं मतही उत्तरात मिसळू शकतो. बाहेरचा माणूस घ्या, निदान काही रेकॉर्डिंग दुसऱ्याकडून ऐकवून घ्या. आणि छापील ट्रान्स्क्रिप्ट कामगाराच्या हातात देऊन 'बरोबर आहे ना' विचारण्यापेक्षा तुमच्या नव्या डिझाइनमधल्या हँडलचा पुठ्ठ्याचा नमुना मागावर धरून दाखवा. निष्कर्ष टिकतो का, ते तिथेच कळतं. डिझाइनवाल्यांकडे ही सोय आयतीच आहे. समाजशास्त्रवाल्यांना ती क्वचितच मिळते.

दोन कोडरांमधला, म्हणजे कोड लावणाऱ्यांमधला, कोहेनचा कप्पा (1960) पुष्कळांना आकडा म्हणून आवडतो; योगायोगाची जुळणी वगळून दोघांची सहमती किती, ते तो सांगतो. जरा जपून. समजा 100 वाक्यांत 'सुरक्षितता' हा कोड 5 ठिकाणी दोघांनीही लावला, 85 ठिकाणी दोघांनीही लावला नाही, आणि उरलेल्या 10 ठिकाणी मतभेद, दोन्ही बाजूंनी पाच-पाच. सहमती 90 टक्के दिसते, पण कप्पा येतो सुमारे 0.44, कारण कोड विरळ असल्यानं योगायोगानंच 82 टक्के जुळणी झाली असती. कोड आधीपासून पक्के असतील आणि मोजायचंच असेल, तर कप्पा काढा. अर्थ शोधत कोड घडवत जाणाऱ्या विश्लेषणात, थीमॅटिक अॅनालिसिसची पद्धत मांडणाऱ्या ब्राउन आणि क्लार्क यांनी अशा आकड्याला स्पष्ट विरोध केलाय. तिथे तो घुसवला तर परीक्षक विसंगती दाखवतील.

गुणात्मक संशोधनाच्या दर्जाचे ट्रेसीचे 2010 चे आठ निकष वाचायला छान, पण पहिल्याच गुणात्मक प्रबंधाला पसारा वाटतील. 2000 सालचा व्हॅलिडेशन स्क्वेअर डिझाइन-पद्धत तपासण्यासाठी आहे, मुलाखतींसाठी नाही; दोन्हींची गल्लत करू नका. ब्लेसिंग आणि चक्रवर्ती यांच्या डीआरएम (डिझाइन रिसर्च मेथडॉलॉजी) चौकटीत काम बसवत असाल, तर मुलाखती सहसा पहिल्या वर्णनात्मक टप्प्यात येतात आणि क्यू-३ तिथे बिनबोभाट बसते.

गाईड जुन्या वळणाचे असतील तर प्रकरणाचे मथळे लिंकन-गुबाचे ठेवा, आतलं काम क्यू-३ प्रमाणे करा. यात लबाडी नाही, फक्त तसं एका वाक्यात लिहून टाका. मुलाखती मोजक्या आणि वेळ तीन-चार महिन्यांचा असेल, तर क्यू-३ चा पूर्ण तक्ता झेपणार नाही. मग पद्धत आणि अर्थ पोचणं हे दोनच प्रश्न धरा. कोरेकचा फॉर्म मात्र आधीच पेन्सिलनं भरायला घ्या. ओळख, हजर माणसं आणि जागा यांचे रकाने रिकामे राहत असतील, तर मुलाखतीची वेळ अजून ठरवू नका.