रेट्रो क्लबच्या कामात पैसे कुठे मुरतात

सत्तरच्या दशकातल्या डिस्कोची झकास थ्रीडी चित्रं दाखवायची, इंटिरियरपासून लोगोपर्यंत सगळं काम टर्नकी, म्हणजे एकहाती घ्यायचं, निम्मी रक्कम आगाऊ उचलायची आणि माल भलताच लावायचा, अशी ही ठेकेदाराकडून होणारी क्लबमालकाची फसवणूक असते. क्लबात अंधार, त्यामुळे उद्घाटनाच्या रात्री कुणाला पत्ता लागत नाही.

सगळ्यात जास्त हात मारला जातो तो निऑनमध्ये. खरा निऑन म्हणजे भट्टीवर वाकवलेली काचेची नळी. तिला काही हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि दोन अक्षरांमधला नळीचा भाग काळ्या रंगाने झाकलेला असतो. कोटेशनमध्ये मोघम ‘निऑन साइन’ लिहितात, भाव काचेचा लावतात आणि भिंतीवर येते 12 व्होल्टची सिलिकॉनची एलईडी पट्टी. पट्टी वाईट नसते, उलट हाताळायला सोपी. पण मग पैसेही पट्टीचेच द्यावेत. अक्षरामागे ॲक्रिलिकचा पत्रा आणि वायरीला छोटा अडॅप्टर दिसला की ओळखा. स्वस्त पट्टी डिमरवर मंद केली की आतले ठिपके उमटतात. तिच्यात सहसा तीन-तीन एलईडी एका साखळीत असतात, एक गेला की तिन्ही विझतात आणि नावातलं अक्षर मधेच तुटतं.

सोफ्यांचा फोम रेक्झिन चढायच्या आधी वजन काट्यावर घाला. 6 फूट बाय 3 फूट, 4 इंच जाडीचा 40 डेन्सिटीचा (घनमीटरला 40 किलो) तुकडा साधारण 6.8 किलो भरतो, 5.4 किलो भरला तर तो 32 चा. असला फोम लवकर बसतो.

भिंतीवरच्या ध्वनिशोषक फोमबाबत मात्र पैशांचा हिशेब दुय्यम आहे. ‘फायर रिटार्डंट’चा, म्हणजे माल सहज पेट घेत नसल्याचा कागद बऱ्याचदा दुसऱ्याच मालाचा असतो. त्यावरचा बॅच नंबर बिलाशी आणि गठ्ठ्यावरच्या लेबलशी जुळवा. उरलेली चिंधी मोकळ्या जागेत, पाण्याची बादली शेजारी ठेवून पेटवा. काडी काढल्यावर ज्वाला विझली नाही किंवा जळते थेंब गळले, तर माल परत. (विझली म्हणून पास धरू नका, चाचणीचा रिपोर्ट लागतोच.) मुंबईत कमला मिल्समधल्या पबच्या आगीत 29 डिसेंबर 2017 ला 14 जीव गेले, हे ठेकेदारालाही माहीत असतं.

लोगोची चोरी वेगळीच. स्टॉक साइटवरचं, म्हणजे कुणालाही विकत मिळणारं तयार रेट्रो चित्र घेऊन त्यात तुमचं नाव टाकतात. तेच चित्र उद्या दुसराही विकत घेतो. मंजुरीआधी गूगल लेन्सवर शोधा. ट्रेडमार्क करताना वर्ग 41 आणि 43 दोन्ही बघा, कारण नाइटक्लबचं मनोरंजन पहिल्यात, खाणं-पिणं दुसऱ्यात. लोगोचा कॉपीराइट लेखी तुमच्या नावावर करून घ्या. करारात मुदत लिहिली नाही, तर 1957 च्या कायद्यातल्या कलम 19 प्रमाणे ती 5 वर्षंच धरतात. नुसत्या जेपीजीवर पैसे सोडू नका. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली मूळ फाइल आणि फॉन्टचा परवाना हातात पडू द्या.

शेवटचे 10 टक्के अडवून ठेवा. भरदुपारी, सगळे पांढरे दिवे लावून, कोटेशन हातात धरून एकेक वस्तू मोजा आणि मगच चेक फाडा.