दीड लाख फिरलेली स्कॉर्पिओ घेतलीत, आता कंपनीचं सर्व्हिस सेंटर की ओळखीचं गॅरेज?

जुनी मोठी गाडी दारात आली की पहिल्याच आठवड्यात घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, कंपनीच्या सेंटरलाच टाका. दुसरा म्हणतो, आपल्या मिस्त्रीकडे न्या, निम्म्यात काम होईल. मी 2015 ची महिंद्राच्या एमहॉक इंजिनवाली डिझेल स्कॉर्पिओ घेतली तेव्हा मीटरवर 1,62,000 होते, आणि हा वाद आमच्याही घरी रंगला. दोन्हीकडे गाडी नेऊन, दोन्हीकडची बिलं भरून माझं मत पक्कं झालंय. पहिली तपासणी आणि सेन्सर-स्कॅनरचं काम सेंटरला, गाडीखालचं मेकॅनिकल काम गॅरेजला. मात्र गॅरेजमध्ये गाडीपाशी उभं राहायला वेळ नसेल, तर सगळंच सेंटरला द्या आणि निवांत राहा.

सुरुवात सेंटरपासून करायचं कारण म्हणजे रेकॉर्ड. मीटर मागे फिरवलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत. गाडी नावावर झाली की आरसी घेऊन जा आणि जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मागा. शेवटची नोंद किती किलोमीटरला आहे आणि तेव्हा काय बदललं, यावरून पुढचा अर्धा खर्च ठरतो. चासी नंबरवरून एखादा रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहे का तेही विचारा. ते काम मालक दुसरा असो वा तिसरा, फुकट होतं. आणि एक गोष्ट घरीच बघा. गाडीला एअरबॅग असतील तर चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा पेटून विझला पाहिजे. तो पेटतच नसेल, तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय असा संशय घ्यायला जागा आहे. असं काम रस्त्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे देऊ नका.

सेंटरचं एस्टिमेट हातात आलं की छाती दडपते. मजुरीवर 18 टक्के जीएसटी असतो, पण मुख्य फरक पडतो तो काम करण्याच्या पद्धतीने. सेंटरमध्ये सहसा अख्खी असेंब्ली बदलतात, गॅरेजवाला त्यातला झिजलेला तुकडा बदलतो. त्यामुळे एस्टिमेटवर तिथल्या तिथे सही न करता सल्लागाराकडून दोन याद्या करून घ्या: आत्ता केलं नाही तर धोका आहे असं काय, आणि सहा महिने थांबेल असं काय. बहुतेक जण नीट सांगतात.

आमच्या मिस्त्रीने गाडी रॅम्पवर घेतली, पुढच्या लोअर आर्म (चाक चासीला जोडणारा खालचा दांडा) आणि चासीच्या मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घातला आणि मला म्हणाला, “साहेब, इथं बोट ठेवा.” त्याने टॉमी दाबला तसं बुशचं, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या तुकड्याचं, रबर धातूपासून सुटलेलं मला बोटाला जाणवलं. खड्ड्यात जो ‘ठक्’ असा आवाज यायचा, तो इथूनच. त्याने आर्म उतरवून फक्त बुश प्रेसवर बसवले. पण दुसऱ्या बाजूचा बॉल जॉइंटही (आर्मचा चाकाकडचा गोल सांधा) ढिला निघाला, तिथे मात्र त्यानेच सांगितलं की पूर्ण आर्म टाका, नाहीतर चार महिन्यांत पुन्हा याल. जुने पार्ट त्याने हातात दिले. गॅरेजचा खरा फायदा मी यालाच मानतो: काय बिघडलं, का बदललं, हे डोळ्यांनी दिसतं. सस्पेन्शनचं काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करायला विसरू नका, नाहीतर टायर एका बाजूने खातात.

गॅरेजचा धोकाही सांगतो. प्रवासात एका गॅरेजमध्ये मी डिझेल फिल्टर बदलून घेतला. खोका ओरिजिनलसारखाच दिसत होता. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागायला लागला. फिल्टरचं सील नीट बसत नव्हतं आणि डिझेल लाइनमध्ये हवा शिरत होती. ओरिजिनल फिल्टर टाकल्यावर गाडी पहिल्यासारखी झाली. तेव्हापासून फिल्टर, ऑइल आणि ब्रेकचं सामान मी स्वतः बिल घेऊन आणतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे ओरिजिनल आणि चांगल्या कंपन्यांचं सामान मिळतं. फक्त कुठल्या दुकानातून घ्यायचं हे मिस्त्रीला आधी विचारा.

ऑइलचं काम दोन्हीकडे सारखंच होतं, ते कुठेही करा, पण पहिल्याच आठवड्यात करा. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याचं) ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल. यातलं ब्रेक ऑइल सगळ्यात दुर्लक्षित. ते हवेतला ओलावा ओढून घेतं; मग खंबाटकी किंवा ताम्हिणी उतरताना ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. माझ्या गाडीतलं सिरिंजने काढलं तर कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. इंजिन फ्लश करा, म्हणजे केमिकल घालून आतून धुऊन घ्या, असं कुणी सुचवलं तर मी नको म्हणेन. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटून ऑइलच्या वाटा तुंबण्याची भीती असते. त्यापेक्षा नवीन ऑइल लवकर बदललेलं बरं.

या एमहॉक इंजिनला टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) आहे, म्हणून ठरावीक काळाने बेल्ट बदलायची काळजी नाही. तुम्ही जुनी 3.0 लिटर फॉर्च्युनर किंवा डिझेल डस्टर घेतली असेल तर तिथे चेनऐवजी बेल्ट असतो. तो बदलल्याचं बिल नसेल, तर बदललेला नाही असंच धरा आणि आधी ते काम करा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिन उघडायची वेळ येते.

क्लच घसरत असेल तर ते काम गॅरेजला द्यायला हरकत नाही, पण मिस्त्री अनुभवी हवा. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेटबरोबर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनचं मागचं ऑइल सील एकदमच बदला. सील तसं महाग नसतं. त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी मात्र जड जाते.

इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे नोझल) आणि टर्बोसाठी सेंटर नको आणि नेहमीचं गॅरेजही नको. टेस्ट बेंच (इंजेक्टर तपासायचं मशीन) असलेल्या, डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे जा. चारही इंजेक्टर तपासल्याशिवाय बदलायला होकार देऊ नका.

गाडी कोकणातली असेल तर चासी खालून टॉर्च मारून बघा. गंजावर तसंच अँटी-रस्ट कोटिंग मारलं तर आत गंज वाढतच राहतो; आधी घासून साफ करून घ्या. सीट कव्हर, हेडलाइट पॉलिश, नवी स्टिरिओ या गोष्टी कुठेही होतात, त्या शेवटी ठेवा. त्याआधी टायर बघा: कडेवरचा चार आकडी नंबर 2318 असेल तर तो टायर 2018 सालच्या 23 व्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी इतक्या जुन्या टायरवर मी घरच्यांना घाटात नेणार नाही. आणि गाडी घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत विमा नावावर करायचा अर्ज द्या. गॅरेजच्या धावपळीत नेमकं तेच राहून जातं.

मी ऑइल पुन्हा 4,000 किलोमीटरला बदललं. त्याआधी दर रविवारी सकाळी थंड इंजिनवर कूलंट आणि ऑइलची पातळी बघून गाडीतल्या वहीत लिहायचो. दीड महिन्यात कूलंट बोटभर उतरलेलं त्या वहीमुळे कळलं आणि वॉटर पंपाची गळती घाटात अडकण्याआधी, घराजवळच सापडली. पंप मिस्त्रीने अर्ध्या दिवसात बदलला.